राज्य कुणावर?



मराठी अंगणात पिढ्यान् पिढ्या एक शब्द चालत आला आहे, लिंबू-टिंबू. धाकटं भावंड मागे लागलं की मोठी मुलं त्याला खेळायला घेतात, पण त्याला बाद धरत नाहीत आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. ते धावतं, ओरडतं, हसतं, आणि डाव त्याला वगळून पुरा होतो. धाकट्यासाठी ही सोय दोन-तीन वर्षांपुरती असते. दृष्टी नसलेलं, चाकाच्या खुर्चीत बसणारं किंवा सावकाश समजून घेणारं मूल मात्र मोठं झालं तरी लिंबू-टिंबूच राहतं. पुष्कळदा त्याला तेवढंही मिळत नाही. ते खिडकीत बसून बघतं.

काशीत ही रीत बदलू पाहणारं एक ठिकाण आहे. शहराबाहेर, गंगेकाठी माधोपूरला 'किरण' संस्थेचं केंद्र आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या संगीता ज्यूडिथ केलर यांनी १९९० साली हे काम सुरू केलं, तेव्हा पोलिओनं पाय अधू झालेली मुलं गल्लोगल्ली होती. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. मुलांच्या गरजा बदलल्या. सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना वेगळ्या प्रकारची मदत लागते. 'किरण'मध्ये कॅलिपर आणि कृत्रिम अवयव बनवणारी कार्यशाळा आहे, फिजिओथेरपी आहे, मोठ्या मुलांना हुन्नर शिकवणारे वर्ग आणि बेकरी आहे. पण सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिथली शाळा. तिच्यात अपंगत्व असलेली आणि नसलेली मुलं एकत्र शिकतात.

एका बाकावरची मुलं मधल्या सुट्टीत एकाच मैदानावर येतात, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. खेळायचं काय, आणि नियम कुणाच्या सोयीचे?

याचं उत्तर अंधांच्या क्रिकेटनं फार सुंदर दिलं आहे. चेंडू आतून खुळखुळतो. गोलंदाज आधी फलंदाज तयार आहे का हे विचारून घेतो, 'प्ले' म्हणतो आणि मगच खालून चेंडू टाकतो. पूर्ण दृष्टिहीन फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. त्याला बाद करायला मात्र कुणी कचरत नाही! बोचिया हा खेळही असाच. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे. ज्याला हातानं फेकता येत नाही तो उतरत्या पन्हळीवरून, डोक्याला बांधलेल्या काठीनं चेंडू सोडतो. १९८४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे, आणि त्यात हरणाऱ्याला खरोखर हरावं लागतं. मुलाला हरायची संधी देणं म्हणजे त्याला खेळाडू मानणं. त्याच्यावर राज्य आलं पाहिजे.

बंगळुरूत पालकांनी उभारलेल्या 'किलीकिली' संस्थेनं हाच विचार सार्वजनिक बागेत नेला. कोल्स पार्कसारख्या महापालिकेच्या बागेत सगळ्या मुलांना खेळता येईल अशी जागा तिनं करून घेतली. तिथे विशेष मुलांसाठी वेगळं कुंपण नाही, शेजारपाजारची मुलं त्यांच्याबरोबरच खेळतात. असं मैदान आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी हवं.

आणि सण? काशीइतके सण कुठे असतील! रामनगरची रामलीला महिनाभर चालते. प्रसंग बदलला की जागा बदलते आणि प्रेक्षक पात्रांच्या मागे चालत जातात. तुळशी घाटावर नागनथैयाला कृष्ण झालेला मुलगा कदंबाच्या फांदीवरून गंगेत उडी घेतो. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळीचे दिवे पायरी-पायरीवर लागतात. हे सगळं चालू शकणाऱ्या, गर्दी सोसू शकणाऱ्या, आवाजाला न बिचकणाऱ्या मुलासाठी आहे. स्वमग्न मुलाला फटाक्याचा एक आवाज सणातून उठवून घरी पाठवतो.

या घाटांच्या पायऱ्यांत मराठी पैसा आणि मराठी श्रद्धा आहे. अहिल्याबाई होळकर, नागपूरचे भोसले, ग्वाल्हेरचे शिंदे यांची नावं आजही घाटांना आहेत. त्यांनी त्यांच्या काळाला शक्य ते केलं. उताराची वाट बांधायची राहिली, ती आपल्या वाट्याला आली आहे. पूर्वीच्या खिडकिया घाटाचा नमो घाट झाला, तिथे उतार आहेत. म्हणजे हे जमतं.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं सोळावं कलम शाळांवर इतर मुलांच्या बरोबरीनं शिक्षणाची, तसंच खेळाची आणि करमणुकीचीही संधी देण्याची जबाबदारी टाकतं. वेळापत्रकात मात्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या खेळाच्या तासाला उपचाराचा तास लावला जातो. ते मोडलं पाहिजे. उपचार हवेतच, पण खेळाच्या बदल्यात नकोत.

सभेपुढचा ठराव छोटा आहे. यंदाच्या देवदिवाळीला निदान एका घाटावर लाकडी उतार असावा. संध्याकाळचा एक तास ध्वनिक्षेपक आणि फटाके बंद असावेत. खुर्चीतून हात पोचेल एवढ्या उंचीवर पणत्यांसाठी फळ्या लावाव्यात. पणत्या कुठे आणि कशा मांडायच्या, हे शाळेतल्या मुलांनी ठरवावं, आणि त्या मांडणीची जबाबदारी या वर्षी चाकाच्या खुर्चीतल्या मुलांवर असावी.

अनुमोदन असेल त्यांनी हात वर करावेत.