अंगठ्याची पावती

(जव्हार येथील व्याख्यानमालेतील भाषण)



पत्रिकेवर विषय छापलाय 'पैशांच्या व्यवहारातील फसवणूक आणि ग्राहकांचं संरक्षण'. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक दाबू नका, व्हिडिओ कॉलवरून कोणी पोलीस अटक करत नसतो, हे सगळं तुम्हाला फोन लावताना ऐकून ऐकून पाठ झालंय. ते सोडून देतो. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे आणि ती काहींना कडवट वाटेल. ग्राहकाला शहाणं करण्याच्या नादात आपण बँकेला मोकळं सोडलं आहे. दुसऱ्या रांगेत बँकेची मंडळी बसली आहेत, त्यांनी रागावू नये. चहा आपण बरोबरच घेणार आहोत.

आपल्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत फसवणुकीला ओटीपी लागतच नाही. रोजगार हमीची मजुरी, निराधार पेन्शन, लाडक्या बहिणीचे 1500, सगळं आधारला जोडलेल्या खात्यात येतं आणि निघतं ते गावातल्या किंवा बाजारच्या केंद्रात अंगठा लावून. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन आलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यामुळे यंत्र खरोखरच पुष्कळदा अंगठा नाकारतं, आणि इथेच खोटं बोलायला जागा मिळते. बाई पदराला अंगठा पुसते, काचेवर दाबते. 'थम आला नाही, परत लाव.' परत लावते. 'लिंक फेल आहे, उद्या ये.' यातला कोणता अंगठा खरोखर वाया गेला आणि कोणत्या अंगठ्यानं खात्यातून पैसे गेले, हे फक्त त्या पडद्याला माहीत आणि पडदा केंद्रवाल्याकडे वळलेला. पावती मागितली तर कागद संपलेला. मेसेज जातो तो पुतण्याच्या नंबरावर, आणि पुतण्या भिवंडीला, नाहीतर रिचार्ज संपलेला. या बाईला 'जागरूक राहा' म्हणणं ही चेष्टा आहे. सगळे केंद्रवाले असं करतात असं मी म्हणत नाही. बहुतेक पोरं तुटपुंज्या कमिशनवर प्रामाणिकपणे राबतात, आणि शाखा लांब असलेल्या पाड्यांना त्यांच्याशिवाय भागत नाही. म्हणून तर नियम हवा, म्हणजे सगळ्यांकडे संशयानं पाहावं लागणार नाही.

नियम नाही असंही नाही. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे. सहकारी बँकांसाठी तसंच त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. त्यात म्हटलंय की बँकेच्या बाजूनं लबाडी किंवा हलगर्जी झाली असेल तर ग्राहकावर शून्य जबाबदारी, त्यानं तक्रार केली असो वा नसो. तिसऱ्याच कोणी हात मारला तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं. पण ते दिवस मोजायचे बँकेची सूचना मिळाल्यापासून. सूचना मिळालीच नसेल तर मुदत कशी सुरू होणार? आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. याच्या जोडीला दुसरा नियम वाचा. 2006 पासून बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमायची मुभा आहे, आणि त्या प्रतिनिधीच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारी नेमणाऱ्या बँकेची आहे. दोन्ही नियम शेजारी ठेवले की माझ्या मते उत्तर सरळ निघतं. प्रतिनिधीची लबाडी ही बँकेचीच लबाडी.

यावर बँका म्हणतात, अंगठा तर तिनं स्वतः लावला! लावला, पण हजारासाठी लावला, पाच हजारांसाठी नव्हे. नुसत्या अंगठ्यावरून संमती मानायची का, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात सुरू केली ते साल 1875, आणि त्याच वर्षी 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. वह्या-रोखे हातात पडले की बऱ्याच ठिकाणी माणसाला हात लावला नाही. राग कागदावर होता, कारण कागदावर काय लिहिलंय हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हतं. चौकशी आयोग बसला, आणि 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्यानं शेतकऱ्याला उपदेश केला नाही. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहावा, सावकारानं पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, आणि कोर्टानं सही-निशाणीपाशी न थांबता मुळात किती पैसे दिले ते तपासावं, असं बजावलं. सावकार म्हणाले, अशानं कर्ज मिळेनासं होईल. पळवाटाही निघाल्या, कर्जाऐवजी खरेदीखतं लिहून घेतली गेली. पण तत्त्व ठरलं की ज्याच्या हातात वही, त्यानं हिशेब द्यायचा. (अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. सुप्याहून निघतो.)

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खातं एका बँकेचं, यंत्र दुसऱ्या बँकेच्या प्रतिनिधीचं. खात्याची बँक म्हणते, तो आमचा माणूस नाही. यंत्राची बँक म्हणते, ही आमची ग्राहक नाही. या दोघींच्या मध्ये बाई एसटीनं फेऱ्या मारते. ब्रिटननं 7 ऑक्टोबर 2024 पासून यावर तोडगा काढलाय. फसून स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या खात्यावर पाठवलेल्या पैशांचीही 85,000 पौंडांपर्यंत भरपाई, आणि ती पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकेनं निम्मी-निम्मी द्यायची. मग लोक बेफिकीर होतील ना? त्यांच्याकडे अतिशय बेपर्वा वागणाऱ्याला भरपाई नाही, पण दुर्बल ग्राहकाला ही अट लागत नाही. तिकडचं सगळं इकडे चालेल असं नाही, पण ही वाटणी चालायला काय हरकत आहे? आपल्याकडेही 1 जानेवारी 2026 पासून आधारच्या यंत्रावर बसणाऱ्यांची नीट पडताळणी करणं आणि त्यांच्या व्यवहारांवर नजर ठेवणं यंत्राच्या बँकेला बंधनकारक झालंय. नजर तिची, तर नुकसानीतला वाटाही तिचा असला पाहिजे.

वेळ संपली, आधारचा अंगठा लॉक कसा करायचा हे राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा. आता कामाचं बोलतो. आपले दोन्ही तालुके पेसा कायद्याखाली येतात. आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार 1996 च्या त्या कायद्यानं ग्रामसभेसाठी सांगितलेला आहे. अंगठ्याचं केंद्र म्हणजे सावकारी नव्हे, मान्य. पण ठराव करून तहसीलदाराला आणि बँकेला पाठवायला कोणी अडवलेलं नाही. 1 मेच्या ग्रामसभेत तो करा. प्रत्येक केंद्राच्या दारावर नेमणाऱ्या बँकेचं नाव आणि तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरांत हवा, पडदा ग्राहकाकडे वळलेला हवा, आणि फसलेल्या अंगठ्याचीसुद्धा छापील पावती मिळाली पाहिजे. पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, त्याच दिवशी खात्याच्या शाखेत लेखी अर्ज द्या, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका.