नाताळची धांदल आणि आपलीं लहान मुलें

(ज्युबिलीच्या मेळाव्यांत मातापित्यांपुढें केलेलें भाषण)



या मेळाव्यांत धर्मग्रामाच्या थोरामोठ्यांचें स्मरण पुष्कळांनीं केलें. आम्ही लहानांविषयीं बोलणार आहों, आणि आरंभीं आमचाच एक अपराध कबूल करणार आहों.

आम्हांस नुकतीच गुरुदीक्षा मिळाली होती. एका धर्मग्रामांत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेंत आमचें प्रवचन चालूं असतां दोन वर्षांचें एक मूल रडूं लागलें. उतारशाळेंत बाळ येशूस जागा कशी मिळाली नाहीं, हेंच आम्ही सांगत होतों. आणि त्याच श्वासांत आम्हीं वेदीवरून त्या मुलाच्या आईस बाहेर जाण्यास सांगितलें. ती गेली. पुढील नाताळास ती दिसली नाहीं, म्हणून आम्ही घरीं गेलों. तेव्हां कळलें कीं त्या दिवशीं पहाटेपासून तें मूल निजलेंच नव्हतें. सकाळीं करंज्या तळण्याची गडबड, दुपारीं बाजारची खेप, सायंकाळीं पाहुणे, मग गळ्याशीं दाटणारा नवा झगा, आणि रात्रीं दिव्यांचा लखलखाट व वाद्यांचा गजर! मोठा मनुष्यही रडला असता.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं सणांतील मुलांचा हट्ट बहुधा हट्ट नसतो; ती भूक असते, झोप असते किंवा गर्दीची भीति असते. चोवीस डिसेंबरच्या दुपारीं घरांत कितीही काम पडलेलें असो, मुलास निजवावें. मिस्सेस निघण्यापूर्वीं त्यास नेहमींचें जेवण द्यावें, केवळ केक व कुलकुल देऊं नये. ख्रिस्तसभेनें नाताळास रात्रीची, पहाटेची व दिवसाची अशा तीन मिस्सा प्राचीन काळापासून ठेविल्या आहेत. तान्ह्यांस घेऊन दिवसाच्या मिस्सेस येणाऱ्या आईची भक्ति कमी ठरत नाहीं. शेजारणींनींही तसें बोलूं नये.

आणखी एक. "रडलास तर सांताक्लॉज येणार नाहीं," ही धमकी सोडून द्यावी. संत निकोलस हे मायरा नगरचे बिशप. गरीब मुलींच्या लग्नासाठीं त्यांनीं गुप्तपणें धन दिल्याची कथा सर्वश्रुत आहे. त्यांस हवालदार कां करावें?

आगमनकाळांत लग्नें टाळण्याची आपली रीत असल्यामुळें नाताळ उलटतांच लग्नांची रीघ लागते. प्रत्येक मांडवांत मुलास नेलेंच पाहिजे असें नाहीं. एखाद्या सायंकाळीं आजीपाशीं राहूं द्यावें. अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर बळेंच बसवूं नये. हात जोडून आशीर्वाद मागितला, पुरे झालें.

गव्हाणी मात्र मुलांच्या हातीं द्या. संत फ्रान्सिसनें 1223 सालीं इटलींतील ग्रेच्चो येथें गवत, बैल व गाढव आणवून बेथलेहेमचा देखावा उभा केला, तो साध्या लोकांस डोळ्यांनीं पाहतां यावा म्हणून. आपल्याकडे वडील मंडळी स्पर्धेसाठीं गोठा सजवितात आणि मुलांस "हात लावूं नको" म्हणतात! आगमनकाळाच्या चार आठवड्यांत रोज एक चांगलें काम केल्यावर मुलानें गव्हाणींत एक काडी ठेवावी, म्हणजे सणाचा सारा भार एका रात्रीवर पडत नाहीं. आमच्या गोठ्यांतील गाढवाचा एक कान अशाच खेळांत गेला. तो आम्हीं मुद्दाम जोडिला नाहीं.

आतां एक विनंति. रोमहून 1973 सालीं निघालेल्या बालकांच्या मिस्सेविषयींच्या मार्गदर्शिकेंत असें सुचविलें आहे कीं अगदीं लहानग्यांस मिस्सेच्या वेळीं धर्मग्रामांतील मंडळींनीं दुसरीकडे सांभाळावें व शेवटीं आशीर्वादासाठीं आंत आणावें. यंदाच्या नाताळास चर्चमागील खोली आम्ही मोकळी ठेवूं. चटया व पाणी यांची व्यवस्था आमच्याकडे. सांभाळण्यास सहा माणसें हवींत, त्यांत पुरुषही असावेत. मेळावा संपतांच नांवें द्यावीं. आम्ही दाराशींच उभे आहों.