चेंडू चालतो, कप चालत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका विनोदी सिनेमावर बोलणार आहे. 'बिंगो लाँग' हा अमेरिकन सिनेमा १९७६ साली आला. त्यातला काळ १९३९ चा. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटसारखाच चेंडू-दांड्याचा खेळ. पण काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या मोठ्या संघांत मज्जाव होता, त्यांचे संघच वेगळे. बिंगो हा खेळाडू मालकाच्या पिळवणुकीला कंटाळतो (मालकही काळाच, हे ध्यानात घ्या), सवंगडी गोळा करतो आणि मोटारीतून गावोगाव सामने खेळत फिरतो. पोटासाठी खेळाबरोबर सोंगंही करावी लागतात. गावात शिरायचं ते नाचत, मिरवत.

त्यात रिचर्ड प्रायर या नटाने एक अफलातून भूमिका केलीय. गोऱ्यांच्या संघात घुसायचं म्हणून हा गडी आधी क्युबाचा बनतो, मग रेड इंडियन. आपण पोट धरून हसतो, आणि मग हसू थांबतं. खोली भाड्याने घेताना आडनाव सांगायला अडखळलेली माणसं या सभागृहातही असतील.

बंधूंनो, आपल्याकडे बाळू पालवणकर होऊन गेले. चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतलं. मैदानात सगळे त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! जेवणाचं ताटही वेगळं. म्हणजे चामड्याच्या चेंडूने विटाळ होत नाही, कपाने होतो. यावर कुणी सिनेमा काढला तर तोही विनोदीच होईल.

१९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. अखेर १९२० साली शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सनला गोऱ्यांच्या मोठ्या संघातून खेळायला १९४७ उजाडलं.

आता अवघड गोष्ट. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाळू हरले. म्हणून आपल्या घरांत त्यांचं नाव निघत नाही. मला हे पटत नाही. निवडणुकीचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, तिथे तो विषय संपला. बाळूंनी एकट्याने बाहेर बसून प्यायलेला चहा त्यामुळे खोटा ठरत नाही.

आपली मुलं रविवारी क्रिकेट खेळतात, त्यांना हे नाव ठाऊक नाही. मंडळाला माझी विनंती आहे की यंदाच्या सामन्यांचा चषक बाळू पालवणकरांच्या नावाने द्यावा. कुणाची हरकत असेल तर आता चहा आहेच, तिथे बोलू. जयभीम!