दिवाळीपर्यंतची पहिली
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



संचमान्यता, बदल्या, निवृत्तिवेतन हे आपले प्रश्न खरे आहेत आणि पुढच्या सत्रांत त्यांवर चर्चा होणारच आहे. माझ्या वाट्याचा वेळ मात्र मी एकाच विषयासाठी मागून घेते. तो विषय म्हणजे इयत्ता पहिलीचं पहिलं सत्र, जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचं.

या चार-साडेचार महिन्यांत सहा वर्षांचं मूल काय शिकतं, याचा हिशेब आपण शिक्षकांनी समाजापुढे कधी नीट मांडला नाही. मग तो दुसरे मांडतात. गणपतीत पाहुणे आले की मुलाला मधे उभं करून विचारतात, ‘शंभरपर्यंत येतं का? बाराखडी म्हणून दाखव.’ म्हणून दाखवली की शाळा चांगली आणि अडखळलं की शाळा वाईट. माझं म्हणणं असं आहे की या सत्रात मूल जे शिकतं त्यातलं बरंचसं वहीत उमटत नाही, पण पुढची सगळी वर्षं त्याच्यावरच उभी राहतात. म्हणून या सत्रात घाई करू नये, आणि त्यातला एकही दिवस वाया जाऊ देऊ नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणं हेच पहिलीच्या शिक्षकाचं कसब आहे.

सुरुवात बोलण्यापासून करते. पहिलीत येणारं मूल रिकामं येत नाही. एक अख्खी भाषा घेऊन ते उंबऱ्यात उभं असतं. मेळघाटात ती कोरकू असते, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली, डहाणू-तलासरीत वारली. खानदेशात अहिराणी असते, तळकोकणात मालवणी. त्या भाषेत ते मूल भांडतं, गोष्ट सांगतं, लहान भावंडाला समजावतं. शाळेत पाऊल टाकलं की ही सगळी भाषा एकाएकी निरुपयोगी ठरते आणि मूल गप्प होतं. जून-जुलैमधलं हे गप्प बसणं म्हणजे मंदपणा, असा शेरा आजही कुठे कुठे मारला जातो. तो अन्याय आहे. अशा मुलाने ऑगस्टात स्वतःहून ‘बाई, मला पाणी प्यायला जायचंय’ असं सगळ्यांदेखत म्हटलं, तर तो त्या सत्रातला मोठा टप्पा असतो. त्या एका वाक्यात नवी भाषा असते, अनोळखी मोठ्या माणसावरचा विश्वास असतो आणि आपली गरज सांगायचा आपल्याला हक्क आहे ही जाणीवही असते.

हा टप्पा लवकर यावा यासाठी शिक्षकाने मुलाची भाषा शिकली पाहिजे. निदान घर, शेत, आई, भूक, भीती, पाऊस एवढे शब्द तरी शिक्षकाच्या तोंडी असावेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा त्यांनीही शाळाच मुलांकडे नेली. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा अंगणात गेली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात गेली, आणि कुरणशाळा उभी राहिली. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हा धडा आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन शिक्षिकांनी घालून दिला आहे.

दुसरी गोष्ट हाताची. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून कठीण होत जातात. शेवटचं हाड तयार व्हायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणजे पहिलीतल्या मुलाचं मनगट अजून घडत असतं. त्या मनगटाकडून जुलै महिन्यात दुरेघी वहीत पानभर ‘अ’ काढून घेणं, तेही रोज, हे शिक्षण नव्हे. चिंचोके ओवणं, शेंगा सोलणं, मातीचे बैल करणं, कागद रेघेवर फाडणं, पाटीवर मोठाले गोल काढणं ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. पोळ्याला मातीचा बैल करणाऱ्या मुलाची बोटं पेन्सिल धरायला शिकत असतात. पालक विचारतात, ‘बाई, लिहायला कधी घेणार?’ त्यांना हसून टाळू नका. त्यांना वर्गात बोलवा, मुलाचा हात दाखवा, कारण सांगा. कारण समजलं की आई-वडील आपल्या बाजूने उभे राहतात.

आता वाचन. आपली लिपी देखणी आहे, पण लहान मुलाला ती काही ठिकाणी चकवते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांसारखे दिसतात. ‘र’ आणि ‘व’ जवळ आले की ‘ख’ वाटतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा. मोठ्यांना हे दिसेनासं झालेलं असतं, म्हणून मूल चुकलं की ते रागावतात. खरं तर ‘कि’ वाचताना थांबणारं मूल डावीकडून उजवीकडे जाण्याचा नियम पाळत असतं. त्याचा तर्क बरोबर असतो, फक्त लिपीने तिथे वेगळी वाट घेतलेली असते.

म्हणून कोणती अक्षरं आधी आणि कोणती नंतर, हा विचार महत्त्वाचा. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरं आधी गिरवायची, मग बाराखडी पाठ करायची आणि त्यानंतर शब्दांकडे वळायचं, या वाटेने गेलेल्या मुलाच्या हाती कित्येक महिने अर्थपूर्ण असं काहीच लागत नाही. उलट क, म, र, ल अशी मोजकी अक्षरं आणि एक काना एवढ्यावर ‘काका’, ‘मामा’, ‘मका’, ‘कमल’, ‘मला’, ‘काल’ असे कितीतरी शब्द होतात. पहिल्याच महिन्यात मूल ‘काल मामा’ वाचतं आणि मामा काल आल्याची गोष्ट सांगू लागतं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मुलांच्या बोलण्याशी आणि अर्थाशी वाचन-लेखन जोडण्याचं काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं आहे. दिवाळीपर्यंत दहा-पंधरा अक्षरं आणि तीन-चार स्वरचिन्हं आली, आणि त्यांतून बनलेला पूर्वी कधी न पाहिलेला शब्द मुलाने स्वतः उलगडला, तर ते मूल वाचायला लागलं. बाकीची अक्षरं येत राहतील. याउलट अख्खी बाराखडी घडाघडा म्हणणारं, पण नवा शब्द समोर आला की बाईंच्या तोंडाकडे पाहणारं मूल अजून वाचू लागलेलं नाही.

हा भेद पुढे किती महागात पडतो ते आपण जाणतो. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनाच्या बंद शाळांनंतर, २०२२ मध्ये, ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्के झाली. घसरण भरून निघाली, ती शिक्षकांच्या कष्टामुळे, आणि याचा मला अभिमान आहे. पण चारातली साधारण तीन मुलं तिसरीत मागे असतील, तर त्याचं मूळ तिसरीत शोधून भागणार नाही. ते पहिलीत शोधावं लागेल. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. उद्देश योग्य आहे. मात्र वरून मुदत आली की खाली तक्ते भरले जातात आणि तक्त्यात भरायला पाठांतर सगळ्यांत सोपं असतं. तेवढं आपण होऊ देऊ नये.

संख्येचंही असंच आहे. मूल शंभरपर्यंत म्हणतं, तेव्हा ते बहुधा एक लांबलचक गाणं म्हणत असतं. त्याच्यापुढे सात खडे ठेवा आणि मोजायला सांगा. ‘एक, दोन, तीन…’ करत ते सातपर्यंत येईल. मग विचारा, ‘तर खडे किती?’ पुष्कळ मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. मोजताना शेवटी आलेला ‘सात’ हाच सगळ्या खड्यांचा आकडा, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. तेच खडे लांब लांब मांडले तर काही मुलं म्हणतात, आता जास्त झाले. जाँ पियाजे यांनी मुलांच्या या विचारपद्धतीचा सविस्तर अभ्यास केला. रागावून किंवा पाठ करून घेऊन ही समज येत नाही. वाटून, रचून, मोजून, पुन्हा पुन्हा हाताळून ती येते.

त्यात आपली संख्यानामं. ‘तेवीस’ ऐकताना तीन आधी येतात आणि लिहिताना दोन आधी लिहायचे असतात, म्हणून मूल ३२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, पण लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं वाचनही सुचवलं, तेव्हा मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागची अडचण सगळ्यांना समजावून सांगितली. ‘तेवीस’ आपलं आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण मुलाची अडचणही खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय आपल्या वर्गात दहा-दहा काड्यांच्या गठ्ठ्यांच्या रूपात कधीपासून आहे. दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हातात धरलेल्या मुलाला ‘तेवीस’ही समजतं आणि २३ ही समजतं. पहिल्या सत्रात वीसपर्यंतची समज पक्की झाली, तर शंभराची घाई कशाला?

याशिवाय कोणत्याही नोंदवहीत न येणारं शिक्षण आहे. पोषण आहाराच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणं. खेळात हरल्यावर पुन्हा खेळायला येणं. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणं. आई संध्याकाळी नक्की भेटणार, या भरवशावर दिवस काढणं. वेगळ्या जातीच्या, वेगळ्या वस्तीवरच्या मुलाशेजारी बसून जेवणं. हे शेवटचं शिक्षण सरकारी शाळेइतकं दुसरीकडे कुठेही सहज मिळत नाही, हे मी मुद्दाम सांगते.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येते. दिवस वाया जाऊ देऊ नयेत, असं मी म्हटलं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिले आहेत. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. प्रत्यक्षात किती माहित्या, किती लिंका, किती फोटो आणि किती ‘तातडीच्या’ बैठका या सत्रातले तास खातात, ते तुम्ही रोज सोसता. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक बैठकीला गेला की पहिली-दुसरी वाऱ्यावर पडते. सहा वर्षांच्या मुलाला स्वाध्याय देऊन बसवता येत नाही.

हे नुकसान सगळ्यांत जास्त कुणाचं होतं? ऊसतोड मजुरांच्या मुलांचं. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, पण सहा वर्षांचं लेकरू मागे ठेवायला आईचा जीव धजत नाही, आणि तिला दोष कसा द्यावा? अशा मुलासाठी पहिलं सत्र हेच अख्खं वर्ष असतं. त्या चार महिन्यांत ते वाचू लागलं, तर फडाकाठच्या कोपीवर जाताना त्याच्याबरोबर पुस्तक जाऊ शकतं. नाहीतर पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा ‘अ’पाशी उभं असतं, वर्गमित्रांपेक्षा एक वर्ष मागे आणि मनाने खचलेलं.

भाषेबद्दलही स्पष्ट बोलते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणणारे १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासननिर्णय निघाले आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. मराठी समाज एक झाला म्हणून ते घडलं. माझा आक्षेप कोणत्याही भाषेला नाही. घरची बोली, शाळेची मराठी आणि २००० सालापासून पहिलीत आलेली इंग्रजी एवढं ओझं सहा वर्षांच्या मुलावर आधीच आहे. एका भाषेत त्याचे पाय रोवले जाऊ द्या. मग ते हव्या तितक्या भाषा शिकेल.

मी शासनाकडे तीन मागण्या करते. शाळेतला सर्वांत अनुभवी शिक्षक पहिलीला मिळावा, आणि सत्राच्या मध्यात त्याची बदली होऊ नये. पहिलीच्या शिक्षकाला दिवाळीपर्यंत वर्गाबाहेरचं कोणतंही काम देऊ नये. आणि स्थलांतर होणाऱ्या जिल्ह्यांत पहिलीच्या प्रत्येक मुलाबरोबर जाताना त्याला वाचता येतील अशी पुस्तकं आणि त्याला काय येतं याची शिक्षकाने लिहिलेली नोंद द्यावी, म्हणजे फडाजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला तिथून पुढे जाता येईल.

आणि एक मागणी तुमच्याकडे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने २०१० पासून आपल्या हाती वर्णनात्मक नोंदी दिल्या. त्यांचं आपण काय केलं? ‘वर्गात लक्ष देतो’, ‘स्वच्छ राहतो’ अशी तयार वाक्यं एका वहीतून दुसरीत उतरत गेली. त्या नोंदी खऱ्या व्हायला हव्यात. गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’मध्ये एका शिक्षकाच्या वर्गातल्या प्रयोगांची गोष्ट सांगितली आणि ती भारतभर वाचली गेली. लीलाताई पाटील यांनी कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयातले अनुभव पुस्तकांतून लिहिले आणि त्या लेखनाने कितीतरी शिक्षकांना धीर दिला. शिक्षणाचं खरं वाङ्मय वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातून होतं.

म्हणून येत्या जूनपासून तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या वर्गातलं एक मूल निवडावं. सगळ्यांत हुशार निवडू नका, सगळ्यांत गप्प बसणारं निवडा. दिवाळीपर्यंत दर आठवड्याला त्याच्याबद्दल अर्धं पान लिहा: ते काय बोललं, कशाला घाबरलं, कोणता शब्द त्याने स्वतः वाचला, कुठे अडलं आणि कशाने सुटलं. त्याचं नाव कुठे छापू नका, पण नोंद जपून ठेवा. पुढच्या संमेलनात एक पूर्ण सत्र याच नोंदींच्या वाचनासाठी राखावं, असा ठराव मी आज अध्यक्ष म्हणून मांडते. राज्यभरातून अशा नोंदी जमल्या की पहिलीतलं मूल काय शिकतं, याचं उत्तर शासनाला, पालकांना आणि समाजाला आपल्याकडेच मागावं लागेल. ते देण्याची तयारी आपण या जूनपासून करू या.