म्हैस कुणी सोडवली?



पत्रिकेवर विषय छापलाय ‘पेशीतल्या जंतूंवर नेमका मारा’, आणि बोलायला उभा आहे गुरांचा डॉक्टर. माणसांच्या औषधावर हा कशाला बोलतोय, असं दारातच एका मित्रानं विचारलं. मला अधिकार आहे, तो कसा ते ऐका.

प्रतिजैविक म्हणजे काय हे सांगत बसत नाही. इथल्या प्रत्येकानं ती घेतली आहेत, बरीचशी डॉक्टरांना न विचारता. (हशा) हसण्यासारखं नाही ते.

मोकळ्या जंतूला औषध गाठतं. पण क्षयाचा जंतू किंवा गुरांकडून माणसात येणारा ब्रुसेला आपल्याच पेशीत घर करतो. ज्या भक्षक पेशीनं त्याला गिळून पचवायचं, तिच्याच पोटात तो पचण्यातून निसटतो आणि वाढतो. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाला पेशीचं तेलकट आवरण सहजी ओलांडता येत नाही. म्हणून ब्रुसेलाच्या आजाराला, म्हणजे ब्रुसेलोसिसला, डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला दुसरं औषध, तेही 6 आठवडे. मध्येच सोडलं तर ताप उलटतो.

भोकरदन तालुक्यातली एक गोष्ट, दोनच मिनिटं. एका शेतकऱ्याची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली, वार अडकली. महिन्याभरानं त्याला ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री अंथरूण घामानं भिजायचं, कंबर धरलेली. टायफॉइड म्हणून सलाइन झाली, मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मणक्याचा एमआरआय झाला. खर्चापायी दुसरी म्हैस विकली. चार महिन्यांनी मी त्याची गाय बघायला गेलो, तर हा भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून ओट्यावर. मी एवढंच विचारलं, “ती म्हैस कुणी सोडवली होती?” म्हणाला, “म्याच की सायेब, वार हातानं वढली.” रक्त तपासलं, ब्रुसेला निघाला. चार महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता!

रोग तर सापडला; आता औषध पेशीच्या आत कसं न्यायचं ते.

भक्षक पेशीची खोड अशी की दिसेल तो कण गिळायचा. मग औषधच चरबीच्या सूक्ष्म कणात भरलं तर? पेशी ते आपणहून आत घेते. फुप्फुसाच्या एका चिवट संसर्गावर लायपोसोममधलं, म्हणजे अशाच चरबीच्या कणातलं, अमिकासिन हे प्रतिजैविक, श्वासावाटे घ्यायचं, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याकडे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, पद्मा देवराजन यांच्या गटानं डॉक्सिसायक्लिनचे लिपिड-पॉलिमर कण प्लीहेकडे वळवण्यावर काम केलं. प्लीहा हा ब्रुसेलाचा ठरलेला अड्डा. आणि त्या कामात पशुवैद्यकही बरोबर होते, हे मी मुद्दाम सांगतोय. त्याच संस्थेचं मराठवाडा संकुल 2018 पासून आपल्या जालन्यात आहे. तिथल्या मुलांनी आमच्या गोठ्यांत यावं. कारण कणानं पेशीतला जंतू मारला, तरी बरा झालेला माणूस पुढच्या वेळी वार तशीच ओढणार. हा आजार दवाखान्यात नाही, गोठ्यात सुरू होतो. माणसाचा आणि गुरांचा डॉक्टर एकत्र बसल्याशिवाय तो जाणार नाही.

वेळ संपला, तेव्हा भराभर सांगतो. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते, सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे. गाभडलेल्या जनावराला हातमोज्याशिवाय हात लावू नका. गाभ आणि वार चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच प्या. आणि ताप हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा: माझ्या गोठ्यात जनावर गाभडलं होतं, आणि ते मी सोडवलं होतं.