कारण देऊ नका



'तरुण आणि समाज' असा ऐसपैस विषय मला दिला आहे आणि वेळ आहे दहा मिनिटांची. एवढ्यात सगळं काही मावणार नाही. म्हणून मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. केस लांब वाढवलेला पुरुष, आणि रस्त्यात, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत त्याला हसणारे लोक. विषय किरकोळ वाटेल. ज्यांच्या घरात असा मुलगा आहे त्यांना तो किरकोळ वाटणार नाही.

माझे स्वतःचे केस ऐन तरुणपणापासून खांद्याखाली आहेत. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा निदेशक म्हणून माझी उभी हयात लेथ मशीनपाशी गेली. त्यामुळे मी स्वतः ऐकलेलंही मला ठाऊक आहे आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना काय काय ऐकावं लागतं तेही मी जवळून पाहिलं आहे.

शेवटी वेळ उरेलच असं नाही, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. मुलांनो, कोणी हसलं तर कारण देऊ नका.

हसणाऱ्यांचे प्रश्न तुम्हाला पाठ आहेत. कुणाचा नवस आहे काय? नाटकात काम लागलंय का? न्हाव्याशी भांडण झालंय? प्रेमभंग का रे? आमच्या सांगली-कोल्हापूरकडे पाठीमागून 'ओ वहिनी' अशी हाक येते आणि कट्ट्यावरचे चारजण खिदळतात. मुलगा गोरामोरा होतो आणि काहीतरी कारण शोधतो. गॅदरिंगला नाटक आहे म्हणतो, आजीनं बोललंय म्हणतो, पुढच्या महिन्यात कापणार आहे म्हणतो. शेवटचं तर हमखास. कापायचे नसतात तरी म्हणतो.

दूध तापत ठेवलंय आणि ते वर आलं की आपण काय करतो? घाईघाईनं फुंकर मारतो. साय खाली बसते, वाटतं जमलं. पण फुंकर थांबली की दूध पुन्हा काठाला येतं. परत फुंकर, परत दूध वर. माणसाचा दम संपतो, दुधाचा संपत नाही, कारण खाली गॅस मोठाच आहे. कारण देणं ही अशी फुंकर आहे. त्या एका माणसाचं तेवढ्यापुरतं हसू खाली बसतं. दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी विचारतो, आणि पहिलाही परत येतो: 'नाटक झालं की रे, अजून केस तसेच?'

काही कारणं खरोखर मोठी असतात, हे मी विसरलेलो नाही. कर्करोगाच्या रुग्णांसाठी टोप बनवायला आपले केस देणारे तरुण आता लहान गावांतूनही दिसतात. त्यासाठी साधारण बारा इंच लांबीचे केस लागतात. केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतात, म्हणजे हा दोन वर्षांचा मामला झाला. केमोथेरपी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागतात, तेव्हा माणसावर काय गुदरतं ते ज्यानं घरात पाहिलंय त्याला या दानाची किंमत सांगायला नको. त्या मुलांचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्यांनाही मी हेच सांगतो की दान करा, त्याची ढाल करू नका. कारण ढाल केलीत की केस दिल्यानंतर दुसऱ्यांदा वाढवायचीही तुम्हाला चोरी होते. आणि ज्याला दान करायचं नाही, फक्त आवडतात म्हणून केस ठेवायचे आहेत, त्यानं काय सांगायचं? आवड हे कारण आपल्याकडे कोणी धरतच नाही.

महेंद्रसिंग धोनी आठवा. त्याचे केस मानेवर रुळायचे. २००६ साली लाहोरच्या सामन्यानंतर पाकिस्तानच्या अध्यक्षांनी जाहीरपणे त्याला सांगितलं की केस कापू नकोस. आपल्याकडे गल्लीगल्लीत पोरांनी तसे केस ठेवले. कोणी धोनीला 'वहिनी' म्हटलं नाही, कारण त्याच्या खात्यावर षटकार होते. तबल्यावर बसलेल्या झाकीर हुसेन यांचे उडते केस आपण डोळे भरून पाहिले, कारण हातात तबला होता. म्हणजे केसांना आपली हरकत नाही. मोठा हो, नाव कमाव, मग ठेव, असं आपण म्हणतो. वर्कशॉपमध्ये जॉब करणाऱ्या पोरानं मात्र आधी परवाना दाखवायचा. हे मला मान्य नाही.

आणि परवाना दाखवूनही भागत नाही, हे तर मुख्य. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली तिथं देह ठेवला. शिखांचे केस का असतात हे आपल्या देशात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरीही वर्गातल्या शीख मुलाच्या जुड्याला हात लावणारे, त्याच्यावर विनोद सांगणारे असतातच ना? एवढं उघड, एवढं पवित्र कारण असूनसुद्धा हसणारा थांबत नाही. मग तुमचं आजीच्या नवसाचं कारण कुठं पुरं पडणार?

म्हणून परत सांगतो, कारण देऊ नका. 'हो, ठेवलेत,' एवढंच म्हणा आणि पुढच्या बोलण्याला लागा. मिरजेची एस.टी. किती वाजता आहे ते विचारा. आवाज चढवू नका, शिवी देऊ नका, हसतमुख राहिलात तर उत्तम. केसाला कोणी हात घातला, ओढले, तर ती थट्टा नव्हे. तिथं मोठ्यानं 'हात काढा' म्हणायचं आणि घरी, शाळेत, ज्यांना सांगायचं त्यांना सांगायचं. लपवायचं नाही.

आता एक नाजूक गोष्ट. ही सगळी थट्टा शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: तू बाई दिसतोस. त्यापुढचे शब्द मी इथं उच्चारणार नाही, तुम्ही ते ऐकलेले आहेत. अशा वेळी मुलगा उसळून म्हणतो, 'मी तसला नाही.' मुला, हीसुद्धा फुंकरच झाली. तू हसणाऱ्याचं म्हणणं कबूल केलंस की बाईसारखं दिसणं ही खालची गोष्ट आहे. घरात तुझी आई आहे, बहीण आहे. आणि ज्यांचं नाव शिवीसारखं तुझ्या अंगावर फेकलं, त्या तृतीयपंथीयांना सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली नागरिक म्हणून त्यांची स्वतंत्र ओळख मान्य करून दिली आहे. त्यांचं नाव घेतल्यानं तुझा अपमान होत नाही. तू फक्त उत्तर देऊ नकोस.

कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या रंगवला. संसारी, कष्टाळू माणूस. पण लोकांनी त्यांना पडद्याबाहेरही त्याच नजरेनं पाहिलं, हिणवलं. आणि हे अशा मुलखात, जिथं १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं तेव्हा सीताही पुरुषच झाला होता. बालगंधर्वांच्या नऊवारीवर आणि दागिन्यांवर घराघरातल्या बायका लुब्ध झाल्या. नाट्यपंढरी म्हणून मिरवणाऱ्या सांगलीच्या रस्त्यावर पोराला 'वहिनी' म्हणून हाक मारणं शोभत नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

एक फरक मात्र नीट ध्यानात घ्या. चूक वेगळी आणि थट्टा वेगळी. एस.टी.त मागून कंडक्टर म्हणाला, 'ताई, पुढं सरका,' तर तो पाठमोरा बघून बोलला. मागं वळा, तोच ओशाळतो. त्याच्यावर चिडायचं काही कारण नाही. तसाच नियमही वेगळा. माझ्या वर्कशॉपमध्ये मोकळ्या केसांनी लेथवर कोणालाही उभं राहू देत नाही, मग तो मुलगा असो की मुलगी. चक फिरत असताना केसांची एक बट जरी त्यात अडकली तरी मशीन डोकं आत ओढून घेतं, माणसाला हात वर करायलाही सवड मिळत नाही. म्हणून केस घट्ट बांधायचे, टोपीत घालायचे, बाह्या दुमडायच्या, हातात कापडी मोजे घालायचे नाहीत. हा नियम जिवासाठी आहे, तो पाळायचाच. नोकरीच्या मुलाखतीचा प्रश्न याहून अवघड आहे, तिथं पोटाचा संबंध येतो. त्यावर बोलायला वेगळा वेळ हवा.

या टोपीवरूनच आठवलं ते सांगतो. पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. केस मधल्या अवस्थेत, म्हणजे कानावरून खाली उतरलेले, पण मागं बांधता येत नाहीत. ही सगळ्यात वाईट वेळ. सहा महिने ते वर्षभर चालते आणि बहुतेक पोरं हसण्याला कंटाळून याच काळात केस कापून टाकतात. सकाळी तो लेथपाशी उभा राहून बुचडा बांधायची धडपड करत होता. समोरच्या बटा निसटून डोळ्यांवर येत होत्या, त्या टोपीत कोंबताना मागचं रबर सुटत होतं. मागं पोरं हसायला लागली. 'वहिनींचं आवरलं का?' मुलाचे कान लाल झाले. तो काहीतरी सांगायला वळणार, एवढ्यात शेजारच्या मशीनवरची मुलगी, आमच्या तुकडीत टर्नरला एवढी एकच मुलगी होती, पुढं आली. मनगटावरचं काळं जाड रबर काढून तिनं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, 'ते पातळ रबर टाकून दे. हे घाल, दोन वेढ्यांत बसतं. पुढच्या बटांना पिना लाव.' तिनं हसणाऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. मुलानं रबर घातलं, टोपी चढवली, टूल पोस्ट घट्ट केलं आणि मशीन चालू केलं. हसणं विरून गेलं, कारण त्यात सामील व्हायला कोणी उरलं नाही.

इथं मी परत दुधाकडे येतो. फुंकर मारणारा दमतो हे सांगून झालं. पण गॅसचं बटण कुणाच्या हातात आहे? ज्याच्यावर हसतात त्याच्या नाही. हसणारा एकटा असेल तर तो फार वेळ हसू शकत नाही, त्याला साथ लागते. ती साथ आपण देतो. आपण काही बोललो नाही, नुसतं ओठात हसलो, एवढंच म्हणतो ना? तेवढ्या आचेवरही दूध उतू जातं. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसानं हात पुढं करून बटण बारीक करायचं असतं. त्या मुलीनं तेच केलं.

हे मी उगाच सांगत नाही. आपल्या समाजात डोक्यावरच्या केसांवरून फार जुलूम झालेला आहे. शेंडी कापून इंग्रजी धाटणीचे केस ठेवणाऱ्या पहिल्या पिढीला याच गावांनी नावं ठेवली होती. मिशी काढलेला मुलगा दिसला की घरात सुतक आहे का विचारत. आज ज्याला आपण सभ्य पुरुषाचं डोकं म्हणतो, ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी थट्टेचा विषय होतं. आणि विधवांच्या डोक्यावर तर वस्तराच फिरत होता. मुंबईत १८९० साली सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळी एकत्र आली आणि आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. त्या दुःखाची आणि पोरांच्या थट्टेची बरोबरी करायची नाही, तेवढी समज मला आहे. पण हात आखडता घेणारी माणसं मिळाली की काय होतं, ते तिथं दिसतं. सत्यशोधकांच्या या कामाबद्दल खरं तर स्वतंत्रपणे...

मला खूण झाली आहे, आटोपतं घेतो. केसांची निगा, तेल, ती मधली अवस्था कशी काढायची, हे सगळं राहिलं. कागदावर लिहून आणलं होतं, असो.

मुलांना सांगायचं ते तीनदा सांगून झालं आहे. आता आईवडिलांना एकच विनंती. रस्त्यावरचं हसणं मुलगा पचवतो, पण दारातून आत आल्यावर 'लोक काय म्हणतात बघ' असं आपणच म्हटलं की त्याला उभं राहायला जागा उरत नाही. तुमच्या घरात लांब केसांचा मुलगा असेल तर आज रात्री जेवताना त्याच्या केसांचा विषय काढू नका. त्याचा दिवस कसा गेला ते विचारा, काम कुठवर आलं ते विचारा, भाजी अजून हवी का विचारा. आणि उद्या शेजारी, पाहुण्यांत कोणी हसलंच, तर त्याच्या वतीनं तुम्हीही कारण देऊ नका.