ओढ्याकाठची जमीन राखणारा वाळुंज



पाथरी तालुक्याच्या दक्षिण अंगाला गोदामाई वाहते. ढालेगाव, मुदगल या बंधाऱ्यांमुळे पाणी अडलं, बागायत वाढली, ही चांगली गोष्ट झाली. पण काठाच्या शेतकऱ्याला एक दुखणंही आहे. पूर येतो आणि जाताना बांध घेऊन जातो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा किती जणांची जमीन खरडून गेली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पीक गेलं तर पुढच्या हंगामात येतं. गेलेली काळी माती मात्र आपल्या हयातीत परत येत नाही.

ही माती धरून ठेवणाऱ्या एका झाडाची आज ओळख करून घेऊ. त्याचं नाव वाळुंज. इंग्रजीत ज्याला विलो म्हणतात, त्या कुळातलं हे आपल्या उष्ण मुलखातलं झाड. नावावरून घोटाळा करू नका. सुगंधी मुळांचा वाळा हे गवत आहे, आणि काठीचा वेत ही वेगळीच वेल आहे.

वाळुंज ओळखायचा कसा? झाड मध्यम उंचीचं, बुडखा नदीच्या ओलीत. पानं लांबट, टोकदार. वरून हिरवी आणि खालून पांढुरकी. वारा आला की झाड चमकल्यासारखं दिसतं. नर फुलांचं झाड वेगळं, मादी फुलांचं वेगळं. बी कापसासारख्या तंतूंसह उडतं, पण ते फार दिवस टिकत नाही. म्हणून लागवड फांदीनंच करावी.

सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठी हे झाड सहज भेटतं. आपल्याकडे जिथं ओल बारा महिने टिकते, अशा जागीच ते लावावं. कोरडवाहू माळावर लावून उपयोग नाही.

लागवडीची रीत अशी :

1. निरोगी झाडाची अंगठ्याएवढी जाड फांदी घ्या. दीड-दोन फुटांचे तुकडे करा.

2. पावसाळ्याच्या सुरुवातीला, जमीन ओली झाल्यावर लावा. डोळे वर ठेवा. दोन भाग जमिनीत आणि एक भाग वर राहू द्या.

3. काठाच्या उतारावर दोन ओळी घ्या. तुकड्यांत तीन-चार फूट अंतर ठेवा. एका ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर दुसऱ्या ओळीतलं झाड यावं.

4. शेळ्यांना हा पाला आवडतो. पहिली दोन वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच.

एकट्या वाळुंजावर विसंबू नका. वरच्या कोरड्या अंगाला करंज, निरगुडी, बांबू लावा आणि मधल्या उतारावर वाळा. खोल मुळं आणि बारीक मुळं मिळूनच काठ धरतात.

हे झाड कुठं लावू नये, तेही ऐका. त्याची मुळं पाण्याच्या शोधात जातात. म्हणून विहीर, पाइपलाइन आणि कालव्याचा भराव यांच्यापासून ते लांब ठेवा. ओढ्याच्या मधोमध लावलं तर पाणी तुंबून उलट तुमच्याच शेतात शिरेल. आणि नदीपात्र सरकारी असतं. हद्दीची शंका असेल तर आधी तलाठ्याला विचारा.

उपयोग म्हणाल, तर कोवळ्या फांद्यांच्या टोपल्या होतात, पाला जनावरांना चालतो, सरपण मिळतं. लाकूड हलकं आणि मऊ, घराच्या तुळईला ते घेऊ नका. क्रिकेटची बॅट होते ती काश्मीरच्या थंड हवेतल्या विलोची. त्या लाकडाच्या आशेनं कुणी महागडी रोपं गळ्यात मारू लागला, तर भुलू नका. आपल्या उन्हात ते जमणार नाही.

विलोच्या सालीत सॅलिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याचाच माग काढत 1897 साली जर्मनीत ॲस्पिरिन तयार झालं. म्हणून तापात साल उकळून पिऊ नका. मात्रा चुकली तर अपाय होतो. दवाखाना गाठा.

मंडळी, पूर थांबवणं आपल्या हातात नाही, पण मातीला धरून ठेवणं आहे. येत्या पावसाच्या आधी काठावर एक फेरी मारा. कुठं कड ढासळते आहे ते पाहून ठेवा, आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही सोबत घ्या. एकाचाच काठ बांधला, तर पाणी दुसऱ्याचा शोधतं.